नाताळची गाणी : चर्चमधली कुठली आणि मॉलमधली कुठली?

दुपारचा_चहा (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दरवर्षी 25 डिसेंबरला मुलांचा छोटासा कार्यक्रम असतो. सांताची टोपी, केक, फुगे, की झालं. यंदा नव्याने राहायला आलेल्या एका ख्रिस्ती काकूंनी मुलांकडून दोन-तीन गाणी बसवून घ्यायचं मनावर घेतलंय आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. मुलांनी यादी दिली: जिंगल बेल्स, सायलेंट नाइट, जॉय टू द वर्ल्ड आणि ते बारा दिवसांचं न संपणारं गाणं ('ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस', रोज एक नवी भेट आणि आदल्या सगळ्या पुन्हा).

शब्द वाचायला बसले तर जिंगल बेल्समध्ये येशू नाही, मारिया नाही, गोठा नाही, नाताळसुद्धा नाही! घोडा आहे, बर्फावरची गाडी आहे आणि शेजारी बसलेली एक मुलगी आहे. मग ही खरंच जुनी धार्मिक गाणी आहेत का? चर्चमध्ये नेमकी कुठली म्हणतात? आणि मराठीत मुळातून लिहिलेलं काही आहे, की सगळी भाषांतरंच? नुसत्या माहितीच्या लिंका नकोत, जाणकारांनी आणि ज्यांनी ही गाणी म्हटली आहेत त्यांनी लिहा.

मंडईचा_बोळ
पहिला प्रश्न, केक कुठला?

दुपारचा_चहा
घरचा. कॅम्पात जाऊन रांगेत उभं राहायला तुम्ही तयार असाल तर वेगळा विचार करू.

जुनी_पाटी
जिंगल बेल्सबद्दल तुमची शंका रास्त आहे. जेम्स लॉर्ड पिअरपॉन्ट या अमेरिकन माणसाचं गाणं, 1857 मध्ये 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने छापलं गेलं. बॉस्टनमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेल्याची जी नोंद सापडली आहे ती चर्चमधली नाही, नाटकगृहातली आहे. गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करायचे, तसल्या खेळातली. तारीखही सप्टेंबरची. पुढच्या कडव्यांत ती मुलगी शेजारी बसते, गाडी बर्फाच्या ढिगात जाऊन उलटते, वगैरे. तरुण पोरांचं थंडीतलं हुंदडणं. नाताळ त्याला मागाहून चिकटला.

निवेदनासाठी चांगला भाग सांगतो: 16 डिसेंबर 1965 ला जेमिनी 6 यानातल्या दोन अंतराळवीरांनी छोटा माउथ ऑर्गन आणि घुंगरं वाजवून हे गाणं थेट अंतराळातून ऐकवलं. त्याआधी त्यांनी नियंत्रण कक्षाला गंभीर आवाजात कळवलं होतं की उत्तरेकडून दक्षिणेकडे एक अनोळखी यान जाताना दिसतंय. मुलं खूश होतील.

सा_रे_ग_मी
सायलेंट नाइटची गोष्ट सगळ्यांत सुंदर. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात ऐन नाताळच्या आदल्या दिवशी चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला. आता रात्री काय वाजवायचं? पाद्रीबाबांनी घाईघाईने कविता लिहिली, शिक्षकाने गिटारवर चाल बांधली आणि त्याच रात्री गायली. अंगावर काटा येतो.

जुनी_पाटी
उंदीर काढून टाका. ते पुढे कुणीतरी गोष्टीत सोडले.

नक्की काय ते सांगतो. गाव ओबर्नडॉर्फ, साल्झबर्गजवळ. तारीख 24 डिसेंबर 1818. पाद्री योझेफ मोर, चाल शाळामास्तर फ्रान्झ क्सावर ग्रूबर यांची, साथीला गिटार, हे सगळं खरं. पण कविता त्या दिवशी लिहिलेली नाही. 1995 मध्ये मोर यांच्या हातचा कागद उजेडात आला, त्यावर कवितेचं साल 1816 आहे. तेव्हा ते मारियाफार या दुसऱ्याच गावी होते. 1816 म्हणजे युरोपात उन्हाळा आलाच नाही ते साल. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने ऊन अडवलं, पिकं बुडाली, अन्नान्नदशा झाली. त्यात नेपोलियनची युद्धं नुकती संपलेली. त्या वर्षी एक तरुण पाद्री 'शांत रात्र' लिहितो, यात उंदरांच्या गोष्टीपेक्षा जास्त काही आहे असं माझं मत.

शनवारातला
1818 म्हणजे इकडे पेशवाई बुडाली तेच साल. जूनमध्ये बाजीरावसाहेब इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि डिसेंबरात तिकडे हे गाणं. आमच्याकडे शांतताच होती, सक्तीची.

मंडईचा_बोळ
शनवारातले, कुठल्याही धाग्यावर तुम्ही तिसऱ्या प्रतिसादापर्यंत वाड्यात पोचता. यंदा उशीर झाला.

सा_रे_ग_मी
@जुनी_पाटी, उंदीर गेले याचं वाईट वाटलं. पण मग ते खेड्यातून जगभर गेलं कसं?

जुनी_पाटी
ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिरामुळे. कार्ल माउराखर त्याचं नाव. त्याने ते त्सिलरताल या आपल्या खोऱ्यात नेलं. तिथली गाणारी कुटुंबं गावोगाव फिरून कार्यक्रम करायची, त्यांतल्या रायनर मंडळींनी ते पार अमेरिकेत पोचवलं, 1839 मध्ये न्यूयॉर्कला. तोवर कर्त्यांची नावं गळून पडली होती. कुणी म्हणे लोकगीत, कुणी म्हणे संगीतकार हायडनचं. शेवटी 1854 मध्ये बर्लिनच्या राजदरबाराकडून चौकशी आली तेव्हा ग्रूबरमास्तरांनी सगळी हकिगत लिहून कळवली. मोर तोवर वारले होते.

क्वार्टरगेट
हा धागा आत्ता पाहिला. आमचं घर तीन पिढ्या पुण्यातलं, मराठी ख्रिस्ती, आणि लहानपणापासून कॅरलला जातोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

डिसेंबर लागला की मंडळीतली (म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतली) तरुण पोरं रात्री घरोघर जातात. त्याला आम्ही कॅरल पार्टीच म्हणतो. आधी यादी होते: आज घोरपडी, उद्या वडगाव शेरी, परवा खडकी. पूर्वी पेटी रिक्षात मांडीवर धरून न्यायची, ढोलकीवाला मागे स्कूटरवर. आता कीबोर्ड आणि बॅटरीवरचा स्पीकर. घरी पोचल्यावर बेल वाजवायची नाही, पायऱ्यांवर गपचूप उभं राहायचं, पेटीवाला सूर देतो आणि एकदम सुरुवात. आत कांद्याची फोडणी चालू असते, टीव्ही चालू असतो, मग टीव्ही बंद होतो, आजी पदर सावरत दाराशी येते. दोन गाणी, एक प्रार्थना, मग करंजी-चकली-केक. हो, आमच्याकडे नाताळला फराळ असतो, करंज्या घरी लाटल्या जातात. शेवटच्या घरी पोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजलेले असतात, आवाज बसलेले असतात, आणि तिथे हटकून मटण असतं, त्यामुळे ते घर यादीत शेवटी टाकायला पुढारी मंडळींत चुरस.

यात जिंगल बेल्स असतं का? असतं. सांता झालेल्या पोरासाठी, मुलं असलेल्या घरी. चर्चच्या आत नाही. आत उपासनेत म्हणायचं ते गीत आणि बाहेर मजेत म्हणायचं ते गाणं, हा फरक आम्हाला कुणी शिकवला नाही, पण सगळ्यांना कळतो.

मराठीबद्दल: चर्चमध्ये 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक. त्यात इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं आहेत तशीच अभंग, ओव्या, साकी, रागदारीत बांधलेली पदंही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्यात मोठा वाटा, त्यांच्या आधी कृष्णाजी रत्नाजी सांगळे. तेव्हा 'सगळी भाषांतरंच का' याचं उत्तर ठाम नाही असं आहे.

दुपारचा_चहा
क्वार्टरगेट, मनापासून आभार. याच प्रतिसादासाठी धागा काढला होता.

लक्ष्मीबाईंची_नात
(आयडीवर जाऊ नका, नातं फक्त वाचकाचं.)
टिळकांचं नाव निघालंच आहे तर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे घर माहीत आहे. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत राहिले. त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र मराठी काव्यात मांडायला घेतलं, 'ख्रिस्तायन'. ते अपुरं टाकून 1919 मध्ये गेले. पुढचं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाई कधी शाळेत गेल्या नाहीत त्यांनी.

पण मराठीतली येशूजन्माची कथा टिळकांच्याही किती आधीची! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) 1579 ला गोव्यात उतरला आणि 1616 मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं, ओवीबद्ध. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' हे मराठीचं कौतुक आपण भाषादिनाला म्हणतो ते त्यातलंच. आता हिशेब करा: ज्या जॉय टू द वर्ल्डला आपण प्राचीन समजतो त्याचे शब्द आयझॅक वॉट्सने 1719 मध्ये लिहिले. म्हणजे बेथलेहेमची गोष्ट मराठी ओवीत त्याच्या शंभर वर्षं आधी आली होती. निवेदनात हे वाक्य घातलं नाहीत तर मी सोसायटीत येऊन बसेन.

दुपारचा_चहा
घातलं! तरी या, करंज्या नाहीत पण चिवडा आहे.

टेकडीवरून
जॉय टू द वर्ल्डबद्दल एक. ते मुळात नाताळाचं गीतच नाही. वॉट्सने स्तोत्रसंहितेतल्या 98व्या स्तोत्रावरून ते रचलं. 'पृथ्वी आपल्या राजाचं स्वागत करो' हा त्यातला राजा गोठ्यातलं बाळ नाही, जगाचा न्याय करायला येणारा प्रभू आहे. गोठा, मेंढपाळ, तारा, काही नाही बघा त्यात. आज म्हणतात ती चाल लोवेल मेसन या अमेरिकनाने 1839 च्या सुमारास बसवली.

म्हणजे जिंगल बेल्सला 'यात येशूजन्म नाही' म्हणून बाहेर काढायचं तर याच्याकडेही बोट जाणार.

क्वार्टरगेट
टेकडीवरून, इतिहास मान्य, निष्कर्ष अमान्य. त्यात बाळ नसेल पण प्रभू आहे. वेदीसमोर उभं राहून ते म्हणताना कुणाला काही खटकत नाही. गीत कशासाठी लिहिलं यापेक्षा मंडळी ते कशासाठी म्हणते, आम्ही तेवढं बघतो.

टेकडीवरून
मग उद्या मंडळी जिंगल बेल्स भक्तिभावाने म्हणायला लागली तर?

क्वार्टरगेट
उलटलेल्या गाडीवर भक्तिभाव ठेवून दाखवा, मग बोलू.

मंडईचा_बोळ
खिक्.

सह्याद्री_वारा
मला हे सगळं जरा अति वाटतंय. आपल्या मुलांना मनाचे श्लोक येत नाहीत, भोंडल्याची गाणी येत नाहीत आणि सोसायट्यांमधून कॅरल बसवताहेत. कुणाच्या धर्माबद्दल तक्रार नाही, पण हे अनुकरण कशाला?

शनवारातला
सह्याद्री, हा वाद पुण्याला नवा नाही. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींनी चहा घेतला, गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि लोकमान्य, रानडे यांच्यापर्यंत सगळे प्रायश्चित्ताच्या भानगडीत सापडले. एका कपापायी. त्यामानाने गाणं स्वस्त आहे.

आणि क्वार्टर गेटचं सिटी चर्च सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर उभं आहे, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. (हो बोळ, पोचलो पुन्हा वाड्यात.)

दुपारचा_चहा
@सह्याद्री_वारा, भोंडलाही होतो आमच्याकडे, हत्ती पाटावर मीच काढते. खिरापत ओळखायला या.

टेकडीवरून
भोंडल्याचं नाव निघालं तर सांगून टाकतो: कॅरल हा प्रकार मध्ययुगात मुळी फेर धरून नाचत म्हणायचा होता. मध्ये उभा राहून एकाने कडवं म्हणायचं, फेरातल्यांनी धृपद. धार्मिक असायलाच हवं असं नव्हतं. दाराशी गाऊन खाणं-पिणं मागायची चालही इंग्लंडात जुनी. म्हणून तर कट्टर धार्मिक लोकांचा रोष. 1647 मध्ये तिथल्या पार्लमेंटने नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली, ती 1660 मध्ये राजा परतल्यावर उठली. पुढेही चर्चमध्ये चटकन प्रवेश नव्हता. 1700 पासून बराच काळ इंग्लंडच्या चर्चने अधिकृत मानलेलं नाताळाचं गीत एकच, मेंढपाळांचं, 'व्हाइल शेपर्ड्स वॉच्ड'. बाकीची गाणी खेड्यापाड्यांत तोंडी टिकली आणि 1822, 1833 साली डेव्हिस गिल्बर्ट आणि विल्यम सँडिस यांनी ती गोळा करून छापली. आज आपण 'पारंपरिक इंग्लिश नाताळ' म्हणतो तो बहुतेक त्या नंतरचा.

म्हणजे सह्याद्री, 'हे आपलं नाही, उच्छृंखल आहे' हा आक्षेप या गाण्यांनी त्यांच्या घरीच आधी ऐकून झालाय.

सह्याद्री_वारा
माहिती चांगली आहे. मत तेच आहे. पण वाचतोय.

एसटी_स्टँड
बारा दिवसांच्या गाण्याबद्दल व्हॉट्सअपवर आलेलं: इंग्लंडात कॅथलिकांवर बंदी होती तेव्हा मुलांना गुपचूप धर्म शिकवायला हे गाणं रचलं. पेअरच्या झाडावरचा तितर म्हणजे येशू, दोन कवडे म्हणजे जुना आणि नवा करार, चार पक्षी म्हणजे चार शुभवर्तमानं, असं बारापर्यंत.

जुनी_पाटी
ही गोष्ट विसाव्या शतकात निघाली, त्याआधीचा एकही पुरावा नाही. आणि साधा विचार करा. जुना करार, नवा करार, चार शुभवर्तमानं हे कॅथलिक-प्रोटेस्टंट दोघांनाही मान्य. मग लपवायचं काय? 1780 च्या सुमाराच्या मुलांच्या एका पुस्तकात हे छापलेलं सापडतं, आठवणीचा खेळ म्हणून. चुकला तो बाद, दंड भर. हल्लीची चाल, विशेषतः पाच अंगठ्यांपाशी जो सूर लांबवतात तो भाग, फ्रेडरिक ऑस्टिनने 1909 मध्ये घातला.

एसटी_स्टँड
बरं. फॉरवर्ड होतं, फॉरवर्ड केलं.

गणिताचा_तास
रोज आदल्या दिवसांच्या भेटी पुन्हा द्यायच्या, असा हिशेब धरला तर एकूण 364 भेटी. त्यांत तितर 12, आणि सोन्याच्या अंगठ्या आठ दिवस रोज 5, म्हणजे 40.

मंडईचा_बोळ
आजचा सोन्याचा भाव बघता लक्ष्मी रोडवर हे गाणं वाजवायला बंदी हवी.

सा_रे_ग_मी
सगळी गाणी आनंदाचीच असतात का? मला एक फार उदास चालीचं ऐकल्याचं आठवतंय, अंगाईसारखं.

लक्ष्मीबाईंची_नात
'कॉव्हेंट्री कॅरल' असणार. ती अंगाईच आहे, पण कुणाची ते ऐका. नवा राजा जन्मल्याचं कळल्यावर हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांखालचे सगळे मुलगे मारायचा हुकूम देतो. शिपाई यायच्या आधी आया आपल्या बाळांना निजवताहेत, ते हे गीत. आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, कंस आणि देवकीची बाळं आठवतात.

कॉव्हेंट्री गावात सोळाव्या शतकात लोकरी कापड कातरणारे आणि शिंपी यांच्या संघाचं धार्मिक नाटक रस्त्यावर व्हायचं, त्यातलं हे. 1940 च्या नोव्हेंबरात जर्मन बॉम्बहल्ल्यात तिथलं कॅथीड्रल जळालं. त्याच नाताळला त्या भग्न भिंतींमधून रेडिओवर हे गीत ऐकवलं गेलं. मुलांच्या कार्यक्रमात घेऊ नका, पण घरी नक्की ऐका.

टेकडीवरून
आणि 1914 च्या नाताळला याच दोन देशांचे सैनिक खंदकांत समोरासमोर होते. 24 तारखेच्या रात्री जर्मन बाजूने 'श्टिले नाख्ट' (मूळ जर्मन सायलेंट नाइट) ऐकू आलं, इंग्रजांनी त्यांच्याकडची गाणी म्हटली आणि आघाडीच्या बऱ्याच भागांत दुसऱ्या दिवशी लोक मधल्या मैदानात उतरून भेटले. सगळीकडे नाही, काही ठिकाणी गोळीबार चालूच होता. भारतीय फौजाही त्या हिवाळ्यात तिथे होत्या.

जुनी_पाटी
शब्द एकाचे, चाल भलत्याचीच, याचा कळस 'हार्क द हेरल्ड'मध्ये आहे. शब्द चार्ल्स वेस्लीचे, 1739. जॉर्ज व्हाइटफील्डने 1753 मध्ये पहिलीच ओळ परस्पर बदलली, तीच आज सगळे म्हणतात. चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची, पण ती त्याने 1840 मध्ये लायपझिगला छपाईच्या 400 वर्षांच्या उत्सवासाठी केली होती, गुटेनबर्गच्या गौरवाची. तिला दुसरे शब्द चालतील पण धार्मिक शब्द मुळीच शोभणार नाहीत, असं त्यानेच लिहून ठेवलंय. तो गेल्यावर, 1855 मध्ये विल्यम कमिंग्ज या तरुण ऑर्गनवादकाने वेस्लीचे शब्द नेमके त्याच चालीवर बसवले. वेस्लीलाही म्हणे गंभीर, संथ चाल हवी होती. दोघांच्याही मर्जीविरुद्ध झालेलं लग्न, आणि दीडशे वर्षांहून जास्त टिकलंय.

दुपारचा_चहा
हे फारच भारी आहे. आता मुद्द्यावर येते, रविवारी तालीम आहे. काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या सायलेंट नाइट मराठी शब्दांत घेऊ. आमच्याकडे कीबोर्ड नाही, वरच्या मजल्यावरच्या काकांची पेटी आणि त्यांच्या नातवाचा तबला आहे. चालेल का?

ठेका_धरा
उत्तम चालेल. सायलेंट नाइट सहाच्या मोजणीतलं आहे, दादरा सरळ बसतो. मात्र नातवाला सांगा, भजनातला दादरा नको. लय धीमी, डग्गा हलका, तिहाई (शेवटी तोच तुकडा तीनदा वाजवणं) अजिबात नाही. ग्रूबरच्या हस्तलिखितांत ते आजच्यापेक्षा थोडं डोलणारं आहे, त्यामुळे अगदी रेंगाळवूही नका. पेटीवर काळी एक (पहिल्या काळ्या पट्टीचा सा) घ्या. शेवटच्या ओळीत सूर एकदम वर चढतो, मुलांना काळी चारमध्ये तो लागणार नाही, किंचाळतील.

क्वार्टरगेट
ठेका_धरा यांना अनुमोदन. पेटीवाल्या काकांना एवढंच सांगा की प्रत्येक स्वर भरत बसू नका, नुसते सूर धरून ठेवा, गाणं मुलांना म्हणू द्या. दुसरं गाणं उपासना संगीतातलं एखादं भजनी चालीचं घ्या, तिथे नातवाला काय हवं ते वाजवू दे. काकूंकडे पुस्तक असेलच, नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे दोन प्रती आहेत. जिंगल बेल्स शेवटी, केक कापताना.

मंडईचा_बोळ
आणि ते 364 भेटींचं?

दुपारचा_चहा
रद्द. सोसायटीचा हॉल रात्री नऊपर्यंतच मिळतो.